दौंडवरून निमोण्याला, बैल घेऊन

निमोण्याला मुद्दाम फिरायला कुणी जात नाही. शिरूर तालुक्यातलं शेतीचं गाव आहे. नकाशावर शोधताना मलाही बरंच बोट फिरवावं लागलं. पण मी गेले, आणि बैल घेऊन गेले. खरा नव्हे, फायबरचा. तरीही त्या बैलाने मला जेवढी काळजी करायला लावली तेवढी माझ्या मुलीने दहावीला असताना लावली नव्हती.

आमचा चिपळूणला गणपतींचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. गणपती आटोपले की वर्षाचे उरलेले महिने मी पुतळे करते. कुणाला बंगल्याच्या फाटकावर गरुड हवा असतो, कुणाला हॉटेलच्या दारात डॉल्फिन. दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोन आला. "मॅडम, आमचा पाखऱ्या गेला," पलीकडचा मुलगा म्हणाला. मला वाटलं, भाऊ गेला असेल. बऱ्याच वेळाने कळलं की पाखऱ्या बैल होता. शर्यतीचा, खिलार, घाटात म्हणजे शर्यतीच्या चढावर पळणारा. आणि फोन करणारा विशाल, रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा. त्याला दारात पाखऱ्याचा पुतळा हवा होता, अगदी अंगाएवढा.

कारण त्याने त्याच फोनवर सांगितलं. बैल गेल्यापासून त्याचे वडील, आप्पा, गोठ्यात गेलेले नव्हते. गोठ्याकडे पाठ करून ओसरीवर बसायचे, नीट जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. "पुतळा बघून आप्पा एकदा गोठ्यात आलं ना, तरी बास, मॅडम."

मी हो म्हटलं खरं. मी पुतळे करते, मी काही डॉक्टर नाही. त्यात मुलगी जेवताना म्हणाली, "आई, मेलेल्या बैलाचा पुतळा करून उपयोग काय?" मी तिच्यावर खेकसले.

दौंड, शुक्रवार

बैलाचे दोन भाग सोलापूरकडे जाणाऱ्या टेम्पोतून पुढे पाठवले होते. जोडकाम आणि रंग दौंडला करायचं ठरलं होतं, कासमभाईंच्या शेडमध्ये. विशालच्या घरची ट्रॉली तेच रंगवतात. मी स्टेशनवर उतरले तेव्हा थंडी होती आणि हवेत धूळ होती. आमच्याकडे हिवाळ्यातही हवा ओलसर असते, ओठ फुटणं मला माहीत नाही. इथे रिक्षात बसेपर्यंत माझे ओठ ताणायला लागले.

कासमभाई साठीचे, तोंडात सतत बडीशेप, आणि स्वतःच्या मतावर त्यांचा फार विश्वास. शेडमध्ये शिरले तर माझा बैल दोन तुकड्यांत पडलेला आणि त्याच्या शेजारी उसाची नवी ट्रॉली. ट्रॉलीच्या फळीवर त्यांनी मोर काढला होता. मोरामागे बर्फाचे डोंगर, डोंगराखाली तळं, तळ्यात कमळ.

"कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "छान आहे." माझ्या आवाजात जे होतं ते त्यांना ऐकू आलं असावं.

"तुम्हाला न्हाई आवडला," ते हसत म्हणाले. "चालतंय. पसंद अपनी अपनी. पर मॅडम, एक सांगा. मोर न्हाई काढला तर ऊस कारखान्यात पोचायचा राहील का?"

"नाही."

"मग शेतकरी मोर का मागतो? आन् मोर नसला तर ड्रायव्हर रुसतो, ह्ये मी डोळ्यांनी बघितलंय."

मी विचारात पडले आणि त्यांनी तेवढ्यात बैलाच्या बरगडीवर थाप मारून निकाल दिला, "तुमचा बैल लई साधा हाय. चमक पाहिजे. डोळ्यात काजळ भरू, पापण्या काढू, वरून लॅकर मारू."

दोन दिवस आमचं यावरून वाजलं. मला अंगावर चमक नको होती. खिलार जनावराचं कातडं उन्हात दुधासारखं दिसतं, काचेसारखं नाही. कासमभाईंचं म्हणणं, गावातल्या माणसाला चमकलं की सुंदर वाटतं. माझं म्हणणं, माझं नाव जाणार आहे पुतळ्याबरोबर. शेवटी तडजोड झाली. अंग माझ्या मताने, डोळे आणि खूर त्यांच्या मताने. त्यांनी पापण्या काढल्याच. मी जेवायला आत गेले होते तेव्हा काढल्या.

जेवणाचं सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणा आला की विचारतात, जेवून आलात का. कासमभाईंच्या घरी कुणी विचारलं नाही, सरळ ताट आणलं. दालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ, आणि भात, कांदा, लिंबू. त्यांच्या बायको, शमीमचाची, मी जेवत असताना दारात उभ्या राहून बैलाकडे बघत होत्या. मी विचारलं, कसा झालाय? त्या म्हणाल्या, "बोलत न्हाई तेवढंच." ते कौतुक होतं की तक्रार, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. त्या रात्री लॉजवर झोप आली नाही. रंग वाळताना तडे जातील, जोड उघडेल, दोर तुटेल, असं एकेक डोळ्यांसमोर येत राहिलं.

न्हावऱ्यात चहा, रविवार

सकाळी बैल उघड्या टेम्पोत उभा करून दोरांनी आवळला. पुढे कासमभाई आणि ड्रायव्हर, त्यांच्या बाजूला मी, मान मागे वळवून. पाटस, चौफुला, केडगाव अशी गावं गेली, पण मी त्यातलं फारसं काही बघितलं नाही. मी शिंगं बघत होते. पारगावच्या पुलावर टेम्पो थांबवून सगळे दोर परत आवळायला लावले. खाली भीमा संथ होती, एक बाई पाण्यात उभी राहून गोधडी आपटत होती. कासमभाई म्हणाले, "मॅडम, बैल पळून जाणार न्हाई."

पुढे ऊस दोन्ही बाजूंना इतका जवळ आला की पानं टेम्पोला घासू लागली. ड्रायव्हरने सहज सांगितलं की इथे बिबट्या असतो, संध्याकाळी माणसं मोबाईलवर गाणी लावून रानात जातात. त्यानंतर मी मागे बैलाकडे आणि बाजूला उसाकडे असं आळीपाळीने बघत राहिले.

न्हावऱ्यात चहाला थांबलो आणि टेम्पोभोवती माणसं जमली. स्टँडवर एसटीची वाट बघणारे, दुधाचे कॅन घेऊन आलेले, सगळे. मला कुणी काही विचारलं नाही, थेट परीक्षणच सुरू झालं.

"वशिंड बारीक झालंय."

"बारीक कुठं? उलट जादा हाय."

"डोळं मात्र जित्तं हायत बरं का."

हे ऐकून कासमभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि बशीतला चहा मोठ्याने ओढला.

एका पागोटेवाल्या आजोबांनी टेम्पोच्या फळीवर पाय देऊन बैलाच्या कपाळाला हात लावला आणि तो हात स्वतःच्या छातीला लावला. मग निरखून म्हणाले, "निमोण्याच्या पाखऱ्यावाणी दिसतोय की ह्यो." माझा जीव भांड्यात पडला. ते पुढे म्हणाले, "एक शिंग आत वळलेलं हाय बघा. त्याचं बी असंच व्हतं."

"होतंच तसं," मी अभिमानाने म्हटलं. ते डावं शिंग मी चार वेळा मोडून केलं होतं. वळण नेमकं यावं म्हणून आत लोखंडी सळई वाकवून घातली होती. संपूर्ण बैलात मला स्वतःला कुठला भाग सुंदर वाटत असेल तर तेवढं शिंग.

निमोणे, रविवार दुपार

विशालचं घर गावाबाहेर मळ्यात. एका बाजूला काढणीला आलेला कांदा, दुसऱ्या बाजूला जनावरांचा लसूणघास, मध्ये घर आणि गोठा. अंगणात कडुनिंबाखाली एक तरणा बैल बांधलेला होता. मी टेम्पोतून उतरले आणि समोर तो. पांढरा, मानेखाली पोळी लोंबतेय, डोळे काळेभोर, पाय असे की आत्ता उडेल. गेले काही महिने मी प्लास्टर आणि फायबरमध्ये जे शोधत होते ते तिथे उभं राहून रवंथ करत होतं.

"अगंबाई, किती सुंदर आहे हा!" मी ओरडलेच. "किती देखणा! असा बैल मी जन्मात बघितला नाही." आणि मोबाईल काढून त्याचे फोटो घ्यायला लागले.

विशाल चपलेकडे बघू लागला. त्याची आई, सुमनकाकी, पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या, त्या वाटेतच थांबल्या.

"बरा हाय," त्या घाईने म्हणाल्या. "राघू नाव त्याचं. खातोपितो. लई काय न्हाई त्याच्यात." आणि जाऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

कासमभाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, जनावराला तोंडावर असं बोलत न्हाईत. लहान पोराला बी न्हाई. नजर लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडेही बाळाला तीट लावतात, पण एखाद्याच्या झाडाचा फणस छान आहे म्हटलं तर तो दोन फणस काढून हातात देतो. इथे चांगल्याला चांगलं म्हणायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी दृष्टबिष्ट मानत नाही. तरीही मोबाईलमधले राघूचे फोटो मी गुपचूप पुसून टाकले.

आप्पा ओसरीवर खुर्चीत होते, गोठ्याकडे पाठ करून. उंच माणूस, पण अंग सैल पडलेलं. मी नमस्कार केला. "प्रवास बरा झाला?" एवढंच त्यांनी विचारलं. टेम्पोकडे मान वळवली नाही.

फाटकाजवळ नवा ओटा बांधला होता. शेजारच्या माणसांनी दोर लावून बैल त्यावर चढवला, कासमभाईंनी बोल्ट आवळले, आणि वरून निळी ताडपत्री टाकून बांधली. उद्या सकाळी भावकीतली माणसं येणार आणि आप्पांच्या हातून ताडपत्री काढायची, असं विशालने ठरवलं होतं.

संध्याकाळी जेवायला बसले. बाजरीची भाकरी, शेंगोळी, कांद्याची पात. काकींनी आग्रह करकरून वाढलं, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. म्हणून मी भिंतीकडे बघत जेवत होते. भिंतीवर पाखऱ्याचा मोठा फ्लेक्स होता, कुठल्याशा शर्यतीतला. अंगभर गुलाल, पाठीवर झूल, शिंगांना गोंडे. हा फोटो मला पाठवला नव्हता. गुलालात बैल ओळखू येणार नाही, साधा दिसावा, म्हणून विशालने घरी काढलेले फोटो पाठवले होते.

फ्लेक्समधल्या बैलाचं उजवं शिंग आत वळलेलं होतं.

मी हातातली भाकरी खाली ठेवली. विशालला म्हटलं, तू मला पाठवलेले फोटो दाखव. त्याने मोबाईल दिला. प्रत्येक फोटोत तो आणि पाखऱ्या, गालाला गाल लावून. सगळे सेल्फी. त्याच्या कंपनीच्या टी-शर्टवरची अक्षरं सगळ्या फोटोंत उलटी होती. त्याच्या मोबाईलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो ठेवत होता. हे फोटो मी महिनोन् महिने भिंतीवर लावून बघत होते, पण बैल सोडून कशाकडे बघितलंच नव्हतं. त्याचा लाडका बैल, म्हणून त्याने सगळे फोटो त्याच्याबरोबर काढले होते. आणि मी आरशातला बैल केला होता.

"आयला," विशाल म्हणाला. मग हळूच, "आप्पांच्या ध्यानात यायचं न्हाई."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्या माणसाने त्या शिंगांना वर्षानुवर्षं तेल लावलं होतं त्याच्या ध्यानात येणार नाही, यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

"उद्याचं रद्द कर," मी म्हटलं. "आत सळई आहे, इथे काही करता येणार नाही. मी परत नेते आणि डोकं नवीन करून देते."

विशालने मान हलवली. "मघाशी आप्पांनी मला विचारलं, कवा उघडायचं. दिवाळीपासनं त्यांनी स्वतःहून काय तरी विचारलं, ते ह्ये पहिलंच. आता कसं न्हेऊ, मॅडम?"

मी अंथरुणावर पडले आणि मुलीचा प्रश्न आठवला. उपयोग काय? आता तर उपयोग सोडाच, मी अपाय करायला आले होते. कुणाला वाटतं वशिंड बारीक, कुणाला वाटतं जाड, ते ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. पण शिंग कुठल्या बाजूचं, हे काही कुणाच्या आवडीवर नसतं. मला घरी जावंसं वाटत होतं, रडू येत होतं.

निमोणे, सोमवार

पहाटे काकींच्या आवाजाने जाग आली. राघू गोठ्यात आडवा पडला होता. वैरणीला तोंड लावलं नव्हतं, पोट एका बाजूने फुगलं होतं, आणि तो मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता. विशाल फोनवर डॉक्टरांना बोलावत होता. मी दारात उभी राहिले. आत जायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने काकी माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा अवघडलेला होता, हातात एक वाटी होती.

"ताई, राग मानू नका. तुम्ही शिकलेल्या हाय."

"काय झालं काकी?"

"तुमच्या पायाखालची जराशी माती पाहिजे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दृष्ट काढताना ज्याची लागली त्याच्या पायाखालची माती लागते. मी अंगणात अनवाणी उभी राहिले, उजवा पाय उचलला. काकी वाकल्या आणि त्यांनी माझ्या पावलाखालची चिमूटभर माती वाटीत घेतली. त्यांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही. उलट पायाला हात लागला म्हणून नमस्कार केला. माझे कान तापले होते. मी हे मानत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं काय, तर "अजून घ्या हवी तर."

मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि माझ्या पायाची माती राघूवरून उतरवून काकींनी चुलीत टाकली. मिरच्या जळल्या की ठसका लागायला हवा. लागला नाही तर दृष्ट खरी, असा हिशेब. मी, काकी, कासमभाई, आम्ही तिघं चुलीपुढे थांबलो. मिरच्या तडतडल्या, धूर झाला, आणि कुणीही खोकेना. मी खोल श्वास घेतला. काही नाही. माझा घसा त्या दिवसासारखा कधीच साफ नव्हता. शेवटी मला राहवेना, मी जोर लावून खोकले.

"उगं खोकू नका, ताई," काकी शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टर न्हावऱ्याहून मोटरसायकलवर आले. त्यांनी पोटावर बोटाने वाजवून बघितलं आणि विचारलं, काल काय खाल्लं? शोधल्यावर निघालं की पुतळा चढवायच्या गडबडीत राघूचा दोर सैल राहिला होता आणि रात्री त्याने दवाने भिजलेल्या कोवळ्या घासात तोंड घातलं होतं. पोटफुगी. डॉक्टरांनी औषध पाजलं, म्हणाले, "ह्याला उठवा आन् चालवत ठेवा. बसू देऊ नका." काकींनी मान डोलावली. घासाचंही पटलं आणि मिरच्यांचंही, असा त्यांचा चेहरा होता.

पण राघू उठेना. विशालने ओढलं, कासमभाईंनी मागून रेटलं, शेजारचे दोघे आले. बैल डोळे पांढरे करून पडून राहिला. त्याचा श्वास मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. हा मेला तर, माझ्या मनात आलं, तर या घरात एक मेलेला बैल मी फाटकावर उभा केला आणि दुसरा गोठ्यात आडवा केला.

तेव्हा ओसरीवरची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

आप्पा उठले होते. अंगण ओलांडून गोठ्याच्या दाराशी आले, तिथे क्षणभर थांबले, चौकटीला हात लावला आणि वाकून आत गेले. काकींनी पदर तोंडाशी धरला. आप्पा राघूच्या डोक्याशी बसले. त्याच्या पोटावर तळवा ठेवून हळूहळू वर चोळत राहिले, तोंडाने बारीक काहीतरी बोलत. आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी वेसणीला हात घातला आणि नुसतं म्हणाले, "चल."

राघू लटपटत उठला.

दुपारपर्यंत आप्पा त्याला अंगणात फिरवत होते. भावकीतली माणसं आली होती, ती कडेला बसून बघत होती. पुतळ्याची कुणाला आठवण नव्हती, आणि मला तेच हवं होतं. मी मनात म्हणत होते, आता ताडपत्री तशीच राहू दे, मी रात्रीत निघून जाते. शेवटी राघूने मोठा ढेकर दिला, शेण टाकलं, आणि सगळी माणसं लग्नात अक्षता पडल्यासारखी मोकळी होऊन बोलायला लागली.

आप्पा दोर हातात धरूनच फाटकाशी आले. राघू त्यांच्या मागे.

"ह्ये बी काढा आता," ते म्हणाले.

विशालने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणू शकले नाही. कासमभाईंनी गाठी सोडल्या, ताडपत्री खाली आली, आणि दुपारच्या उन्हात माझा बैल उभा राहिला. टाळी नाही, वा नाही. एक म्हातारा खाकरून म्हणाला, "बरा हाय." दुसरा म्हणाला, "हं, बरा हाय."

आप्पा पुतळ्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले. वशिंडावर हात ठेवला. मानेवरून हात पुढे आणला. डाव्या शिंगापाशी हात थांबला.

"ह्ये शिंग ह्या अंगाला नव्हतं," ते म्हणाले.

"चूक माझी आहे, आप्पा," मी म्हटलं. "फोटो उलटे होते, माझ्या लक्षात आलं नाही. मी परत नेते. नवीन करून देते, खरंच."

आप्पांनी ऐकलं असं वाटलं नाही. ते शिंगाच्या वळणावरून अंगठा फिरवत होते, तेल लावताना फिरवावा तसा.

"हौदावर पाणी प्यायला न्ह्यायचो," ते म्हणाले. "मी बाजूला उभा राहायचो. प्यायच्या आधी जरा थांबायचा, पाण्यात बघायचा. तवा पाण्यात असाच दिसायचा. असाच. शिंग ह्याच अंगाला." मग म्हणाले, "त्यो पाण्यातला मला आन् त्यालाच ठावा. ताईंनी कुठनं बघितला?"

कासमभाई गॉगल काढून पुसायला लागले.

"अगं," आप्पांनी काकींना हाक मारली, "तवा आण."

काकी आतून भाकरीचा तवा घेऊन आल्या. आप्पांनी तव्याच्या बुडाला बोट घासलं आणि पाखऱ्याच्या कानामागे, कासमभाईंनी तीन हात देऊन दुधासारख्या पांढऱ्या केलेल्या अंगावर, काळाभोर ठिपका लावला. कासमभाईंच्या तोंडून "अहो आप्पा, रंग!" एवढंच निघालं. आप्पांनी एक ठिपका राघूच्या कानामागे लावला.

मला रडू आवरेना. दोन दिवस मी कुणाच्या तोंडून सुंदर हा शब्द ऐकायला धडपडत होते. त्या गावात तो शब्द तोंडाने म्हणत नाहीत.

आप्पांनी तवा काकींच्या हातात परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यांना बी लाव. हात चांगला हाय."

काकी माझ्याजवळ आल्या. सकाळी वाकून माझ्या पायाखालची माती घेतली होती, त्याच हाताने त्यांनी माझे केस बाजूला केले आणि कानामागे बोट टेकवलं. बोट गरम होतं.

चिपळूणला पोचल्यावर मुलीने दारातच विचारलं, "बैलाचा उपयोग झाला का मग?" मी म्हटलं, आप्पा गोठ्यात जायला लागलेत. पण ते माझ्या बैलामुळे, की माझ्या जिभेमुळे, की घासामुळे, ते मला सांगता येणार नाही. तिने मला निरखून बघितलं. "कानामागे काळं काय लागलंय? धुऊन टाक ते."

मी हो म्हटलं. अंघोळीला गेले आणि मान एका बाजूला कलती धरून तेवढी जागा सोडून पाणी घेतलं.